समुद्रातल्या तेल-वायू पाइपलाइनवर सरकारची नजर किती? पुणेकरांनी विचारलेले प्रश्न

तीसेक वर्षं मी पाइपलाइन तपासणीच्या कामात होतो, त्यातली बरीचशी समुद्रात गेली. निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आलो. ज्येष्ठ नागरिक संघ, ग्रंथालयं, इंजिनिअरिंग कॉलेजं बोलायला बोलावतात आणि सगळीकडे फिरून फिरून तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली.

पुण्याला समुद्र नाही. मग आम्ही ह्यात कशाला पडायचं?

गाडीत पेट्रोल भरता ना? पुण्याचा बराचसा इंधनसाठा लोणी काळभोरच्या डेपोंमध्ये उतरतो. तिथे हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबई–पुणे–सोलापूर पाइपलाइन येते. तिचं दुसरं टोक मुंबईच्या रिफायनरीत आहे. तिथल्या रिफायनऱ्यांना काही कच्चं तेल उरणहून ट्रॉम्बेमार्गे मिळतं आणि उरणला ते समुद्राखालून, मुंबई हायवरून येतं. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. १९७४ मध्ये तिथे तेल सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि दोनच वर्षांत उरणपर्यंत पाइपलाइन टाकून झाली.

घरातल्या पाइप गॅसचंही तसंच. शेगडीतला वायू नेमका कुठल्या विहिरीतला हे कुणी सांगू शकणार नाही, कारण जाळ्यात समुद्रातला वायू आणि परदेशातून आलेला एलएनजी, म्हणजे द्रवरूप करून आणलेला नैसर्गिक वायू, एकत्र मिसळतात. पण त्या जाळ्यात समुद्राचा वाटा आहे.

दुसरं कारण पुण्याच्या हद्दीतलंच आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात बसतं. कोकण किनाऱ्यावरच्या कोळ्याला पर्यावरणाची दाद मागायची असेल तर त्याला पुण्यातच यावं लागतं. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलं आहे.

समुद्रातली पाइपलाइन म्हणजे नेमकं काय असतं?

पोलादी नळी. तिच्यावर गंजरोधक थर आणि वर काँक्रीटचं जाड वेष्टन. हे काँक्रीट ओझ्यासाठी असतं, नाहीतर वायूने भरलेली नळी तळावरून उचलली जाईल. विहिरींच्या प्लॅटफॉर्मपासून प्रक्रिया प्लॅटफॉर्मपर्यंत छोट्या नळ्या, तिथून किनाऱ्यापर्यंत मोठी मुख्य वाहिनी. तळावरून प्लॅटफॉर्मवर उभी चढणारी जी नळी, तिला रायझर म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

देखरेख कोणाची? एकाच खात्याचं नाव सांगा.

एक नाव नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. नळी सलग एकच, पण तिच्यावरून चालत निघालात तर दर टप्प्यावर तपासनीस बदलतो.

समुद्रातल्या टप्प्यापासून सुरुवात करू. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत आपला प्रादेशिक समुद्र आणि २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र ठरवलं. मुंबई हाय ह्या दुसऱ्या पट्ट्यात येतं, म्हणजे तिथे महाराष्ट्र सरकारचं काही चालत नाही, सगळा अधिकार केंद्राचा. तेल काढण्याचा मूळ कायदा १९४८ चा, तेलक्षेत्र नियमन आणि विकास कायदा. त्याखाली २००८ मध्ये समुद्रातल्या कामांच्या सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम आले आणि ते राबवण्यासाठी सक्षम प्राधिकारी म्हणून तेल उद्योग सुरक्षा संचालनालय, म्हणजे ओआयएसडी, नेमलं गेलं. कोणत्या भूखंडात कोण तेल काढतो, उत्पादन कसं चाललंय, हे हायड्रोकार्बन महासंचालनालय बघतं. ते १९९३ पासून आहे.

नळी किनाऱ्याला लागली की सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र, सुरू होतो. तिथे पर्यावरण मंत्रालय आणि राज्याचं किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरण येतं. बंदराच्या हद्दीतून गेली तर बंदर प्रशासन.

जमिनीवर शुद्ध वायू किंवा पेट्रोल वाहून नेणारी पाइपलाइन सुरू झाली की पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचे तांत्रिक व सुरक्षा नियम लागू होतात. ह्या मंडळाचा कायदा २००६ चा, आणि त्यात कच्च्या तेलाचं व वायूचं उत्पादन मुद्दाम बाहेर ठेवलंय. त्यामुळे लोणी काळभोरच्या नळीवर ज्या मंडळाची नजर आहे, त्याच मंडळाची नजर मुंबई हायच्या नळीवर नाही. ह्याशिवाय साठवणुकीचे परवाने नागपूरच्या पेसोकडे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे, आणि जमिनीवरच्या तेल खाणींची सुरक्षा धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे.

प्रत्येक खात्यात मनापासून काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. माझी काळजी सांध्यांची आहे. रायझर, किनारा, हस्तांतराचा व्हॉल्व्ह, ह्या जागी एकाची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते. नळीलाही सगळ्यात जास्त त्रास नेमक्या ह्याच जागी होतो.

त्या जागी त्रास जास्त का?

खोल पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि नळी बऱ्यापैकी शांत पडून असते. लाटेच्या पट्ट्यात मात्र ती घटकेत भिजते, घटकेत सुकते. मीठ, हवा आणि ऊन, तिन्हींचा मारा तिथे बसतो. रायझरला प्लॅटफॉर्मशी धरून ठेवणाऱ्या पकडीखाली, म्हणजे क्लॅम्पखाली, गंज धरला की बाहेरून रंग शाबूत दिसतो. एकदा मी असा क्लॅम्प सोडवून घेतला तेव्हा रंगाचा पापुद्रा पापडासारखा हातात आला आणि खाली नखभर खोल खळगे होते. आदल्या वर्षीच्या अहवालात त्या जागेपुढे ‘समाधानकारक’ लिहिलेलं होतं, कारण क्लॅम्प न सोडवताच पाहणी झाली होती.

२००५ ची दुर्घटना नक्की काय होती? आम्हाला फक्त २६ जुलैचा पूर आठवतो.

साहजिक आहे. मुंबई पाण्याखाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ जुलै २००५ ला, मुंबई हाय नॉर्थ हा प्रक्रिया प्लॅटफॉर्म जळून समुद्रात गेला. पुराच्या बातम्यांत ती बातमी बुडाली.

सुरुवात अगदी साधी होती. ‘समुद्र सुरक्षा’ ह्या सहायक जहाजावरच्या एका आचाऱ्याची दोन बोटं कापली गेली. हवामानामुळे हेलिकॉप्टर जहाजाकडे येऊ शकत नव्हतं, म्हणून त्याला प्लॅटफॉर्मवर चढवायचं ठरलं. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती. जहाज वाऱ्याच्या तोंडावरच्या बाजूने आलं आणि लाटेने प्लॅटफॉर्मवर ढकललं गेलं. त्याच बाजूला रायझर होते. एक रायझर फुटला, वायू बाहेर पडला आणि पेटला. दोनेक तासांत प्लॅटफॉर्म उरला नाही. ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, २२ गेली.

पाइपलाइनच्या दृष्टीने धडा असा. आपत्कालीन व्हॉल्व्ह होते. पण व्हॉल्व्हच्या पलीकडे नळीत जेवढा वायू असतो तेवढा फुटलेल्या जागेतून येतच राहतो, आणि काही नळ्या १२ किलोमीटरपर्यंत लांब होत्या. उष्णतेने शेजारचे रायझरही गेले. १९८८ मध्ये उत्तर समुद्रात पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर १६७ जण गेले, तिथेही आग भडकत राहिली ती बाहेरून येणाऱ्या वायूवाहिन्यांमुळे. त्यानंतर प्लॅटफॉर्मजवळ तळावरच नळी बंद करणारे व्हॉल्व्ह हवेत, हे जगाला कळलं होतं. सतरा वर्षांनी आपल्याकडे तीच गोष्ट पुन्हा शिकावी लागली. २००८ चे नियम आले ते ह्या घटनेनंतर तीन वर्षांनी.

ओआयएसडी स्वतंत्र आहे का?

नाही. ते पेट्रोलियम मंत्रालयाखालचं तांत्रिक संचालनालय आहे, १९८६ मध्ये स्थापन झालेलं. भोपाळ ताजं होतं तेव्हाची गोष्ट. तिथले बरेच तज्ज्ञ तेल कंपन्यांमधूनच प्रतिनियुक्तीवर येतात आणि मुदत संपली की परत कंपनीत जातात. ह्याचा फायदा आहे, माणूस कामातला असतो, त्याला कोणी गंडवू शकत नाही. तोटाही उघड आहे. आज ज्याच्या कामावर शेरा मारायचा, उद्या त्याच्याच हाताखाली जायचं असू शकतं.

आणि मंत्रालय तेच, ज्याच्यावर देशाचं उत्पादन वाढवायची जबाबदारी आहे. ब्रिटनमध्ये पायपर अल्फाच्या चौकशीनंतर समुद्रातली सुरक्षा ऊर्जा खात्याकडून काढून आरोग्य व सुरक्षा यंत्रणेकडे दिली. अमेरिकेत २०१० च्या मेक्सिको आखातातल्या दुर्घटनेनंतर महसूल गोळा करणारं आणि तपासणी करणारं खातं वेगळं केलं. उत्पादनाचं उद्दिष्ट आणि सुरक्षेचा शेरा एकाच टेबलावर नसावेत, हे माझं ठाम मत आहे.

वेगळं केलं की प्रश्न सुटतो का?

लगेच नाही. अमेरिकेच्याच संसदीय लेखापरीक्षण कार्यालयाने मार्च २०२१ मध्ये मेक्सिको आखाताबद्दल अहवाल दिला. तिथे सुमारे ८,६०० मैल चालू पाइपलाइन आहेत. त्यांच्या तळावरच्या पाहणीवर खात्याची पकड ढिली आहे, असं त्यात म्हटलंय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या हंटिंग्टन बीचजवळ नळीतून तेल गळलं. जहाजांचे नांगर त्या नळीवरून ओढले गेले होते ते जानेवारीतच. मधले आठ-नऊ महिने नळी जागेवरून सरकलेली होती आणि कुणी खाली बघितलं नव्हतं.

तपासणी करतात कशी? पाण्याखाली कोण जातं?

तीन प्रकारे. बाहेरून, आतून, आणि विजेच्या मापाने.

बाहेरून आरओव्ही जातो. तारेने बांधलेलं, कॅमेरा आणि दिवे असलेलं यंत्र. सोनारने, म्हणजे ध्वनिलहरींनी, तळाचं चित्रही घेतात. मुख्य शोध असतो अधांतरी लोंबणाऱ्या तुकड्यांचा. प्रवाहाने खालची वाळू वाहून गेली की नळी पुलासारखी टांगली जाते आणि पाण्याच्या धक्क्याने थरथरत राहते. तार सारखी वाकवली की तुटते, तसंच पोलादाचं होतं.

आतून पिग पाठवतात, म्हणजे नळीतून पुढे ढकलला जाणारा दट्ट्या. नाव विचित्र आहे, पण सगळे तेच म्हणतात. साधा पिग नळी साफ करतो. मुंबई हायचं तेल मेणचट आहे, ते थंड झालं की आतल्या भिंतीला थर धरतं. उरणच्या बाजूला रिसिव्हरचं, म्हणजे पिग बाहेर काढायच्या कप्प्याचं, झाकण उघडल्यावर पिगच्या पुढे आलेला काळा, वंगणासारखा गाळ मी कित्येकदा बघितलाय. तो बादलीत घेऊन वजन करायचं, आणि लोखंडाचे कण किती आहेत ते प्रयोगशाळेत बघायचं. नळीच्या आत काय चाललंय ते तो गाळ सांगतो. ‘इंटेलिजंट’ पिग त्याहून पुढचा. त्यावर चुंबक आणि संवेदक असतात. भिंत जिथे पातळ झालीय तिथे चुंबकीय क्षेत्र बाहेर झिरपतं आणि त्याची नोंद होते.

विजेचं माप म्हणजे अॅनोडची तपासणी. नळीवर ठरावीक अंतराने अॅल्युमिनियमचे कडे बसवतात. नळीऐवजी ते गंजतात, म्हणजे मुद्दाम बळी दिलेले. अर्धा झिजलेला अॅनोड वाळवी लागलेल्या दारासारखा दिसतो. तो बघून वाईट वाटून घेऊ नये, त्याचं काम चाललंय. वीस वर्षांनी अॅनोड नवाकोरा निघाला तर मात्र घाबरावं, कारण मग गंज दुसरीकडे चाललाय.

समुद्रातल्या पाइपलाइनच्या तपासणीसाठी ओआयएसडीचं १३९ क्रमांकाचं मानक आहे. तपासणी कंपनी करते, किंवा कंत्राटदाराकडून करवून घेते. ओआयएसडी लेखापरीक्षण करतं, म्हणजे तपासणी झाली का आणि शिफारसींचं काय केलं, हे बघतं. ह्या दोन गोष्टींची लोक नेहमी गल्लत करतात. सरकारी अधिकारी प्रत्येक नळी स्वतः बघत नाही, बघूही शकत नाही.

गळती खरंच झालीय का आपल्याकडे?

हो. मे १९९३ मध्ये मुंबई हायच्या वाहिनीतून मोठी गळती झाली. जानेवारी २०११ मध्ये मुंबई हाय ते उरण मुख्य वाहिनीतून तेल सांडलं. जमिनीवरचं सांगायचं तर २७ जून २०१४ ला आंध्रातल्या नगरम गावात वायूवाहिनी फुटून आग लागली आणि झोपेतली माणसं होरपळली. तिथे कोरड्या वायूसाठीच्या नळीतून ओलसर वायू जात होता आणि नळी आतून गंजली होती.

तेल सांडलं तर कोण धावून येतं?

तटरक्षक दल. राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखडा १९९६ पासून आहे, समन्वय त्यांच्याकडे असतो. छोट्या गळतीला, साधारण ७०० टनांपर्यंत, पहिली जबाबदारी कंपनीची किंवा बंदराची. किनाऱ्याला लागलेलं तेल उचलणं हे राज्याचं काम. समुद्रात तवंग दिसला, माणूस अडचणीत दिसला, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावा. अलिबाग-मुरूडला सहलीला जाणाऱ्यांनीही तो फोनमध्ये ठेवावा.

मासेमारांना त्या भागात बंदी असते का?

प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र असतं, तिथे जायचं नाही. पाइपलाइन सागरी नकाशावर दाखवलेल्या असतात, त्यांच्यावर नांगर टाकायचा नाही. पण छोट्या बोटीवर तो नकाशा असतोच असं नाही. करंजाच्या एका तांडेलाने मला सांगितलं होतं, “साहेब, जाळं अडकलं की आम्ही ओढतो. खाली दगड आहे का तुमची नळी, आम्हाला काय म्हाईत?” बरोबर होतं त्याचं. जाळं अडकलं आणि खाली नळीची शंका असेल तर ओढू नका, जीपीएसचा आकडा लिहून घ्या आणि जाळं सोडून द्या, हे सांगणं सोपं आहे. जाळ्याची किंमत किती असते हे माहीत असलं की तोंडातून शब्द निघत नाही. भरपाईची सरळ, लवकर मिळणारी पद्धत असेल तरच हा सल्ला देण्यात अर्थ आहे.

नियम मोडला तर दंड किती?

१९४८ च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. एक हजार रुपये. हा आकडा २०२५ पर्यंत टिकला. मार्च २०२५ मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली. आता कैद नाही, पण दंड २५ लाखांपर्यंत, आणि उल्लंघन चालू राहिलं तर दिवसाला १० लाखांपर्यंत. मी ह्याचं स्वागत करतो. तरी समुद्रातल्या एका दुरुस्ती मोहिमेत नुसतं जहाजाचं भाडं किती होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला २५ लाख फार वाटणार नाहीत.

जुन्या, बंद पडलेल्या नळ्यांचं काय होतं?

साफ करून, तोंडं बंद करून बऱ्याचदा तिथेच ठेवतात. अमेरिकेच्या त्याच अहवालानुसार १९६० च्या दशकापासून मेक्सिको आखातातल्या बंद केलेल्या नळ्यांपैकी ९७ टक्के तळावरच राहिल्या, सुमारे १८,००० मैल. आपल्याकडे ताप्ती क्षेत्रातले प्लॅटफॉर्म काढले, तो देशातला पहिला असा समुद्री प्रकल्प. मुंबई हायची पहिली पिढी पन्नाशीला आली आहे, तेव्हा पुढच्या काही वर्षांत हा विषय मोठा होणार.

सामान्य माणसाला माहिती मिळते का?

बरीच मिळते, पण कुठे बघायचं ते कळायला हवं.

पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर पर्यावरण मंजुरीची पत्रं असतात. शेवटी अटींची यादी असते, ती वाचा. कंपनीने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो. दोन-तीन अहवाल शेजारी ठेवून वाचले की कुठलं वाक्य वर्षानुवर्षं जसंच्या तसं उतरवलंय ते लगेच दिसतं.

नंतर माहितीचा अधिकार. केंद्राच्या कार्यालयांसाठी ऑनलाइन अर्ज, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. नळीचा तंतोतंत मार्ग, व्हॉल्व्हच्या जागा मागू नका. सुरक्षेच्या कारणावरून नकार मिळेल आणि तो योग्यच आहे. ‘गेल्या पाच वर्षांतल्या सुरक्षा लेखापरीक्षणातल्या किती शिफारसी प्रलंबित आहेत, सर्वांत जुनी कोणत्या वर्षीची’ असं विचारा. माझ्या एका अर्जाला एका कार्यालयाने ‘माहिती संकलित स्वरूपात नाही’ एवढंच उत्तर दिलं. पहिलं अपील केल्यावर तीच माहिती दोन पानांच्या तक्त्यात आली. म्हणून पहिल्या नकारावर थांबू नका. अपिलाला तीस दिवस असतात.

हरित न्यायाधिकरणात कोण जाऊ शकतं? वकील लागतोच का?

बाधित माणूस स्वतः बाजू मांडू शकतो. पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिने, भरपाईसाठी पाच वर्षं मुदत असते. मंजुरीविरुद्ध अपील करायचं तर फक्त तीस दिवस, आणि कारण पटलं तर आणखी साठ. बहुतेक जण ह्या तीस दिवसांतच चुकतात, कारण मंजुरी मिळाल्याचं गावाला कळेपर्यंत महिना उलटलेला असतो. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी एक हजार रुपये. मागायची असेल तर रकमेच्या एक टक्का.

समुद्र न्यायाधिकरणाच्या कक्षेत येतो का, ही शंका रास्त आहे. २०११ मध्ये मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडालेल्या ‘एम. व्ही. राक’ ह्या जहाजाच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये १०० कोटींच्या भरपाईचा आदेश दिला. ते अंतर १२ मैलांच्या बाहेरचं आहे. आणि पुण्याच्याच खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ ला उरण परिसरातल्या १,६३० मासेमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी द्यायला सांगितलं. ते प्रकरण बंदराच्या कामांमुळे गेलेल्या मासेमारीचं होतं, पाइपलाइनचं नव्हतं, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण कोळ्यांच्या पारंपरिक हक्काची किंमत रुपयांत मांडता येते, हे त्यात दिसलं.

आम्ही पुण्यात बसून काय करू शकतो?

न्यायाधिकरणाचं काम इंग्रजीत चालतं. कोळीवाड्यातून येणारे कागद मराठीत असतात. मच्छीमार सोसायटीचे ठराव, मासळीच्या लिलावाच्या वह्या, तलाठ्याचे पंचनामे. भाषांतराला दर पानामागे पैसे लागतात आणि तांत्रिक शब्द चुकतात. ‘रायझर’ला एका अर्जात ‘उठणारा पाइप’ केलेलं मी वाचलंय. पुण्यात निवृत्त इंजिनिअर, प्राध्यापक, इंग्रजी-मराठी दोन्ही लिहिणारी माणसं काही कमी नाहीत. आम्ही पाच-सहा जण असे कागद तपासून देतो, पैसे घेत नाही. गेल्या पावसाळ्यात रेवदंड्याकडच्या एका सोसायटीची चाळीस पानं आली होती, ओली होऊन एकमेकांना चिकटलेली. ती गॅलरीत दोरीवर वाळत घातली आणि मग वाचायला घेतली.